दुसरी किल्ली
भाच्याने नवा लॅपटॉप घेतला. २००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा बऱ्याच लॅपटॉपांत रिकव्हरी पार्टिशन असायचं, डीव्हीडी मात्र आपणच बर्न करायच्या. आता त्या जागी निदान १६ जीबीचा पेनड्राइव्ह, एवढंच. पार्टिशन अजूनही त्याच डिस्कवर! म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच. डिस्क गेली की दोन्ही गेलं. पुण्यात असता तर विंडोज पुन्हा डाउनलोड केलं असतं. इथे सूरजागडला, एटापल्लीच्या डोंगरात, पाच-सहा जीबी म्हणजे... असो. त्याला म्हटलं, "गाणी-बिणी नंतर, आधी रिकव्हरी ड्राइव्ह कर. पेनड्राइव्ह रिकामा घे, त्यातलं सगळं पुसलं जातं." केला त्याने. पण त्यात आजीचे फोटो येत नाहीत हो! त्यांच्यासाठी वेगळी हार्ड डिस्क मागवली आहे.