मुलांच्या पैशांतून उभी राहिलेली शाळा

फ्रान्समधील आमियाँ शहराच्या पूर्वेस साधारण १६ किलोमीटरवर व्हिलेर-ब्रेतोनो हे छोटे गाव आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी घेतलेले हे गाव एप्रिल १९१८ मध्ये मुख्यतः ऑस्ट्रेलियन सैनिकांनी परत मिळवले. सुमारे १२०० ऑस्ट्रेलियन जवान त्यासाठी कामी आले.

युद्धात गावची शाळाही उद्ध्वस्त झाली होती. तेव्हा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातल्या शाळकरी मुलांनी आणि शिक्षकांनी पै-पैसा जमवून पाठवला. १९२७ मध्ये नवी शाळा सुरू झाली. ‘ऑस्ट्रेलियाला विसरू नका’ हे शब्द तिच्या पटांगणात मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत.

मला खरे भावते ते पुढचे. २००९ मध्ये व्हिक्टोरियात भीषण वणवे पेटले. स्ट्रॅथेवन या खेड्यातील प्राथमिक शाळा त्यांत जळाली. ती पुन्हा उभारण्यासाठी व्हिलेर-ब्रेतोनोच्या गावकऱ्यांनी मदत जमवून पाठवली. तब्बल ८२ वर्षांनी! पैसे देणारी ती मुले तोवर पणजोबा-पणजी झाली असतील. पण गाव विसरले नव्हते.

आपल्या शाळेच्या भिंतीवरही देणगीदारांचा फलक आहे. हल्ली मी तो थांबून वाचते. विद्यार्थी मित्रांनो, त्यातले एक तरी नाव वाचा आणि ती व्यक्ती कोण होती, हे घरी आजी-आजोबांना विचारा.