१६३० सालची उधारी

पोस्ट लांब आहे. मृग कोरडा गेला, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहायला वेळ मिळाला.

फेब्रुवारीत शाळेने शिवजयंतीला बोलायला बोलावलं होतं. दरवर्षी तेच तेच बोलतो, म्हणून यंदा ठरवलं की महाराज जन्मले त्या १६३० सालात जगात काय चाललं होतं ते पोरांना सांगायचं. भाषण झालं, टाळ्याही पडल्या. पण वाचताना दोन माणसं भेटली, ती अजून डोक्यातून जात नाहीत.

साल तसं वाईटच. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ जुलैत जर्मनीत फौज घेऊन उतरला, आधीच बारा वर्षं चाललेलं युद्ध आणखी पेटलं. इटलीत मिलान शहरात प्लेग. तिकडे अमेरिकेत इंग्लंडहून गेलेल्या लोकांनी बोस्टन वसवलं, तेवढीच काय ती नवी गोष्ट. आपल्याकडे आदल्याच वर्षी निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव आणि त्यांची मुलं मारली गेलेली. म्हणजे शिवनेरीवर बाळंत झालेल्या जिजाऊंना माहेर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. हे आपण पाळण्याच्या गाण्यात विसरतो.

त्यात पाऊस गेला. १६३० ते ३२, गुजरात आणि दख्खन दोन्ही होरपळले. वर शहाजहान बादशहा फौजेसकट बुऱ्हाणपुरात मुक्कामाला, म्हणजे होतं ते धान्यही आधी छावणीकडे. पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा माणूस त्या वर्षाअखेर सुरतेहून आग्र्याला निघाला. त्याने लिहून ठेवलंय, रस्त्याच्या कडेला प्रेतं आणि माणसं जनावरांच्या शेणातले दाणे वेचून खातायत. हे वाक्य मी शाळेत वाचलं नाही. पाचवीची पोरं समोर होती.

याच दुष्काळात देहूच्या तुकोबांचं दुकान बुडालं, पहिली बायको गेली, मुलगा गेला. घराण्यात महाजनकी होती, लोकांकडे येणं होतं. परंपरा सांगते, की त्यांनी कर्जखतं काढली, धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची निम्मी दिली आणि आपली निम्मी इंद्रायणीत सोडली. कीर्तनात हा प्रसंग पन्नासदा ऐकला असेल. पण भावाची निम्मी आधी बाजूला काढली, हे आत्ता कुठं कानात शिरलं.

दुसरा माणूस केप्लर. ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात त्याचे नियम सांगणारा. बादशहाचा गणिती होता, पण पगार थकलेला, सगळं मिळून १२,००० गुल्डनच्या आसपास. बादशहाने ते देणं वालेनस्टाईन या सेनापतीच्या गळ्यात घातलं आणि १६३० च्या उन्हाळ्यात त्या सेनापतीलाच काढून टाकलं. मग हा ५८ वर्षांचा माणूस थंडीत घोड्यावर बसून रेगेन्सबर्गला गेला, काही वसूल होतं का बघायला. तिथं तापाने पडला आणि १५ नोव्हेंबरला गेला. पुढं युद्धात ते कब्रस्तानही उद्ध्वस्त झालं. ज्याने ग्रहांच्या जागा सांगितल्या, त्याच्या कबरीची जागा आज सापडत नाही.

आता माझं. माझं बी-बियाणं, खतांचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहे. दुकान भावाचं आणि माझं. उधारीच्या वहीत यंदा जेवढी नावं आहेत तेवढी कधीच नव्हती. कर्जमाफीच्या याद्या निघतात त्या बँकेच्या, सोसायटीच्या. माझ्या वहीतल्या उधारीची यादी कुठल्याच सरकारकडे नाही. माझ्याकडे मात्र डिस्ट्रिब्युटरचा रोज फोन. राजकारण्यांना हे कळत नाही असं नाही, दुकानदाराची बाजू घेऊन मतं मिळत नाहीत.

गेल्या आठवड्यात गाडी काढून वसुलीला निघालो. पहिलंच घर माझ्या वर्गमित्राचं. गेल्या वर्षीचा कांदा सडला तेव्हापासून तो दुकानासमोरून न जाता मागच्या बोळाने जातो. घरी तो नव्हता, किंवा असेलही. वहिनींनी चहा दिला. पावसाचं बोललो. पैशाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. पुढच्या घरांना गेलोच नाही.

रात्री पुण्याला भावाला फोन लावला. म्हटलं, दोन-चार नावं अशी आहेत, ती सोडून देऊ का? तो बराच वेळ गप्प. त्याच्याही पोरीची फी भरायची आहे. मग म्हणाला, "दादा, तुझ्या वाट्याचं तू बघ. माझ्यातलं मला विचारून."

आज सकाळी वर्गमित्र आला. पुढच्या रस्त्याने. बाजरीच्या दोन पिशव्या मागितल्या, पैशाचं काही बोलला नाही. दिल्या. वही उघडली, त्याचं नाव काढलं आणि पेन हातात धरून बसलो. तो म्हणाला, "लिही की."

लिहिलं.