लहरीपुऱ्यातील एक दुपार

बडोद्याच्या जुन्या शहराचे जे चार मुख्य दरवाजे, त्यांपैकी पश्चिमेचा तो लहरीपुरा. कमानीतून आत शिरले की समोर मांडवीची चौकोनी वास्तू दिसते आणि तोच रस्ता पुढे पाणीगेटला जातो. पाठीशी न्यायमंदिराची भव्य इमारत उभी असते. १८९६ साली पुरी झालेली ही वास्तू मूळची मंडईसाठी बांधलेली. पुढे तेथे न्यायदान झाले. पलीकडे सूरसागर. गायकवाडांच्या या नगरीत मराठी अजून कानी पडते, हे ऐकून वसईकराला बरे वाटते.

परंतु वाचकहो, आम्ही तेथे इतिहास पाहावयास गेलो नव्हतो. आमच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली चार नोझल होती व बाह्यांना डिझेलचा वास येत होता.

झाले असे. आमच्या गावचे एक कुटुंब नोकरीनिमित्त बडोद्यास निघाले. त्यांचे बिऱ्हाड एका तरुणाच्या जुन्या टाटा ४०७ मधून न्यायचे ठरले आणि सोबतीला आम्ही बसलो. भरुचनंतर गाडीचा दम गेला. मागे काळा धूर, पुढे बैलगाडीचा वेग. कसेबसे शहराच्या वेशीवर पोहोचलो. वाटेतल्या एका मिस्त्रीने "पंपच गेला" असे सांगून जो आकडा काढला, तो ऐकून तरुणाचा चेहरा उतरला; त्या गाडीवर त्याच्या घरची चूल पेटत होती.

दरवाज्यापासून फार दूर नसलेल्या एका गल्लीत राहणाऱ्या वृद्ध मराठी कारागिराचे नाव कुणीतरी सुचविले. काका स्वतः गाडीपाशी आले. इंजिन मंद चालू ठेवून त्यांनी एकेका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीची चावी किंचित सैल केली. तीन वेळा इंजिन अडखळले. चौथ्यास काहीच फरक पडला नाही. "हा आधीच झोपलेला आहे, फादर," ते म्हणाले. (ही परीक्षा जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांचीच, नव्या कॉमन रेल गाड्यांत नळी सैल करणे जिवावर बेतेल.) मग चारही काढून आम्ही त्यांच्या दुकानी गेलो.

रुडोल्फ डिझेलने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखविले, तेव्हा इंधन आत ढकलण्यास दाबलेली हवा लागे. १९२७ साली बॉशने पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि हे इंजिन ट्रकात सुखाने नांदू लागले. नोझलचे काम इतकेच की, डिझेलचे धुके करायचे. धुके झाले तर ते पुरते जळते. थेंब पडले तर अर्धे जळून काजळी होते. आतली सुई व तिचे घर ही जोडी एकमेकांसाठीच घासून बनविलेली असते. त्यांतील फट मिलिमीटरच्या काही हजारांशांची. म्हणून काकांनी चार जोड्या चार वाट्यांत वेगळ्या ठेवल्या. स्वच्छ डिझेलात भिजवून पितळी ब्रशाने बाहेरची काजळी काढली, बारीक तारेने भोके मोकळी केली. तरुणाने खिशातून पॉलिशपेपर काढताच ते एवढेच म्हणाले, "तो दाराच्या कडीला ठेव."

नंतर तपासणी-यंत्राचा दांडा दाबला. हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाब चढला आणि पहिल्या नोझलमधून करकर आवाज करीत शुभ्र फवारा सुटला. दुसराही तसाच. तिसरा पाहताना कौतुकाने आमच्या तरुणाने फवाऱ्याखाली बोट नेले. काकांनी दांडा सोडून त्याचे मनगट असे हिसडले की तो भिंतीवर आदळला.

"हात मागे घे, पोरा! हे पाणी नव्हे. कातडी भेदून आत जाते. वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि पुढे बोट कापावे लागते."

काही वेळ कोणी बोलले नाही. आम्हांसही घाम फुटला, कारण क्षणापूर्वी आमचाही हात पुढे सरसावला होता.

चौथे नोझल मात्र थेंब-थेंब गळत राहिले. सुईवर गंजाचा ओरखडा होता. काकांनी विचारले, "डिझेल कुठले भरतोस?" तरुणाने खाली मान घालून सांगितले: शेतावरच्या पिंपातले, फडक्यातून गाळून. १९६५ पासून तेल शुद्ध करणारा कोयलीचा कारखाना येथून हाकेच्या अंतरावर, आणि पोर पिंपातले पाणी गाडीस पाजीत होता! फिल्टर कधी बदलला, हे त्याला आठवेना.

एक नोझल नवे घेतले, तिघांचा दाब बसवला. संध्याकाळी गाडीपाशी येऊन तांब्याचे नवे वायसर घातले, फिल्टर बदलला, टाकीच्या तळाचे गढूळ पाणी बशीत काढून तरुणास दाखविले. मग पंपावरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. तिसऱ्या फेरीस इंजिन लागले. धूर आधी काळा, मग करडा, मग दिसेनासा.

मजुरी पहिल्या मिस्त्रीच्या आकड्याच्या पासंगालाही पुरली नसती. तरुणाने वर काही देऊ केले, काकांनी ते परत त्याच्या खिशात घातले व म्हणाले, "सेव-उसळ खाऊन जा, आणि वाटेत दुसरा फिल्टर घेऊन ठेव." आम्ही तिखट उसळ खाल्ली. तरुण डाव्या हाताने खात होता. उजवे मनगट अजून दुखत असावे.