चावणारा ससा

आपल्या गोष्टींमधले ससे आठवून पाहा. एक कासवाशी शर्यत हरला, एकाने सिंहाला विहिरीत उडी मारायला लावली, तर एक पाठीवर पान पडलं म्हणून ‘आभाळ कोसळलं’ असं ओरडत पळत सुटला. आळशी, हुशार, भित्रा असे सगळे ससे सापडतात. फक्त चावणारा ससा कुठल्याच गोष्टीत नाही. त्यामुळे आमचा गोलू चावायला लागला तेव्हा घरातल्या कुणालाच काही सुचेना.

चार इमलीत बदल्या काही नवीन नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी गेटवरच्या पाट्या बदलतात आणि ट्रकमध्ये न मावणाऱ्या वस्तू शेजाऱ्यांकडे येतात. कुंड्या, सायकली, कूलर. आमच्याकडे ससा आला. तीन महिन्यांचा, पांढरा-करडा. ‘नर है, बहुत सीधा है,’ असं सांगून शेजारी गेले. तीन महिने तो खरोखरच सीधा होता.

मग दिवाळीनंतर एके दिवशी पिंजऱ्यातली वाटी काढायला लेकीने हात घातला आणि गोलू गुरगुरत अंगावर आला. ससा गुरगुरतो हेच आम्हाला तेव्हा कळलं. कान मागे पाडलेले, पुढच्या पायांनी फटके, आणि बोटाला कडकडून चावा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि लगेच डॉक्टरांना दाखवली. तरीही आठ वर्षांच्या मुलीच्या मनात भीती बसायची ती बसलीच. पुढच्या आठवड्यात सासूबाईंची साडी फाटली. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, एकांत पार्कात सोडून द्या त्याला. गवत आहे, झाडं आहेत, सुखात राहील.’’

हा सल्ला अनेक घरांत दिला जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगते. पाळीव ससा हा मूळच्या युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. आपल्या रानात दिसणारा ससा वेगळ्या जातीचा. तो बीळ खणत नाही, झुडपाखाली उघड्यावरच बसतो आणि वेगाच्या जोरावर जगतो. घरात वाढलेला ससा बागेत सोडला तर तो कुत्र्यांच्या तोंडी जाणार, हे जवळजवळ नक्की. शिवाय पाळीव प्राण्याला असं उपाशी-तापाशी वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हे आईंना सांगितल्यावर त्या गप्प झाल्या, पण पटलं नव्हतं. मुलीला घरात सुरक्षित वाटायला हवं, हे त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

प्रोग्रॅम बिघडला की आधी नोंदी बघायच्या, ही माझी रोजची सवय. तेच केलं. आठवडाभर एका वहीत लिहिलं: कधी, कुठे, कुणावर. चित्र स्पष्ट दिसलं. हॉलमध्ये एकही हल्ला नाही. सगळे पिंजऱ्यात किंवा पिंजऱ्याच्या दाराशी. त्याच आठवड्यात लेक लांबूनच ओरडली, ‘‘आई, गोलूला मिश्या फुटल्या!’’ तोंडात आडवी गवताची जुडी धरून तो कोपऱ्यात नेत होता. खाली त्याच्याच पोटाचे उपटलेले केस.

सशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांनी उलटं धरून बघितलं आणि हसून म्हणाले, ‘‘ये तो लड़की है.’’ चार ते सहा महिन्यांत ससे वयात येतात आणि स्वतःच्या जागेबद्दल हट्टी होतात. मादीला नर जवळ नसतानाही खोटी गर्भधारणा होऊ शकते. साधारण सोळा-अठरा दिवस ती घरटं करते आणि राखते. त्यात कुणाचा हात आला की तिच्या दृष्टीने तो पिल्लांवरचाच हल्ला. डॉक्टरांनी दात, पोट, पायाचे तळवेही तपासले. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, ते टोचायला लागले तरी ससा अचानक चिडका होतो. म्हणून आधी दुखणं नाही ना, ते बघायचं.

उपाय साधे होते. ती बाहेर असतानाच पिंजरा साफ करायचा. समोरून हात न्यायचा नाही, कारण सशाला नाकासमोरचं दिसतच नाही. बाजूने, कपाळावर हात ठेवायचा. वरून झडप घालून उचलायचं नाही. मारायचं तर मुळीच नाही.

प्रश्न उरला शस्त्रक्रियेचा. गर्भाशय काढलं तर चिडकेपणा बहुधा कमी होतो, आणि न काढलेल्या माद्यांमध्ये चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. पण भूल देण्यात धोका असतोच. ‘‘मुक्या जनावराला कापायचं कशाला?’’ आईंचा प्रश्न. दोन रात्री आम्ही यावर बोललो. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘‘कर्करोग होणार असेल तर आत्ताच करा.’’ ससा ओकू शकत नाही, त्यामुळे त्याला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवत नाहीत. सकाळी तिला कोथिंबीर भरवून त्यांनीच पाठवलं.

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. स्वभाव निवळायला दीड-दोन महिने लागले. आई मटार सोलायला जमिनीवर बसत, हात न लावता. हळूहळू गोलू शेंगांच्या टोपलीपर्यंत येऊ लागली. मग लेकही आजीला चिकटून बसू लागली.

मांडीवर ती आजही बसत नाही. उचललेलं तिला आवडत नाही, आणि आता तसा कुणी आग्रहही धरत नाही. लेकीने पिंजऱ्यावर पुठ्ठ्याची पाटी लावली आहे: ‘कु. गोलू. आत हात घालू नये.’ चार इमलीतली ही एक पाटी बदलीच्या वेळी आमच्याबरोबरच येणार आहे.