घेटुळीचा डबा

परवा नणंदेचा फोन आला. "वहिनी, चूर्ण संपलं असेल ना? अजून पाठवू का?" मी नुसतं "नको" म्हटलं आणि विषय बदलला. खरं सांगायचा धीर झाला नाही. पण ती इथलं सगळं वाचते, म्हणून इथेच लिहिते.

तर मंडळी, आमचे गुडघे. इतकी वर्षं फळ्यापुढे उभं राहिल्यावर ते कुरकुरणारच. २०२३ च्या दिवाळीपासून डायक्लोफेनॅकची गोळी सुरू केली. आधी दुखेल तेव्हा, मग सकाळ-संध्याकाळ. डॉक्टरांची चिठ्ठी केव्हाच जुनी झाली होती, पण दुकानदार ओळखीचा. होळीच्या सुमारास पाय सुजले. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.९. डॉक्टर म्हणाले, गोळी आजपासून बंद.

बंद केली असती तर हे लिहावं लागलं नसतं!

नणंदेने प्रेमाने घेटुळीच्या मुळांचं चूर्ण पाठवलं होतं. घेटुळी म्हणजेच पुनर्नवा. उन्हाळ्यात वरून वाळते आणि पावसाबरोबर त्याच मुळातून पुन्हा फुटते, म्हणून हे नाव. माहेरी पावसाळ्यात तिची भाजी व्हायची. सुजेवर आयुर्वेदात ती फार जुन्या काळापासून वापरतात. त्यातच मोबाईलवर वाचलं की औषधाने बिघडणारी उंदरांची मूत्रपिंडं पुनर्नव्याच्या अर्काने राखली गेली. मी मनाशी सोयीचा हिशेब मांडला: गोळी बिघडवणार, घेटुळी राखणार. दोन महिने दोन्ही चालू ठेवलं. ह्यांनाही सांगितलं नाही. पुढच्या तपासणीत २.६ आलं.

तेव्हा पुतण्याजवळ कबुली दिली. तो एम. फार्म. झालाय, आणि गंमत म्हणजे शिकताना त्याने असाच प्रयोग केला होता. म्हणाला, "काकू, तू वाचलंस ते खोटं नाही. आम्ही उंदरांना काही दिवस जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली. काहींना सोबत अर्क पाजला. अर्कवाल्यांचं नुकसान कमी दिसलं. पण जेंटामायसिन मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशींत साठतं आणि त्यांना मारतं. तुझी गोळी वेगळं करते. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवणारी शरीराची द्रव्यं असतात, तीच ती बंद पाडते. तुझं वय, त्यात बीपी. रक्तच कमी पोचलं तर अर्क काय करणार? शिवाय आमचे उंदीर तरणे आणि निरोगी होते."

मी विचारलं, "मग शेवटी त्या उंदरांचं काय झालं?"

"मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे होते, काकू." पुढे तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

अजून एक गोष्ट त्याच्याकडूनच कळली. लहानपणी गावाबाहेर गिधाडं बसलेली दिसायची, ती नंतर दिसेनाशी झाली. त्याला हेच डायक्लोफेनॅक कारण. दुखणाऱ्या गुरांना ते टोचायचे, ती गुरं मेली की गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे कोडं २००४ साली उलगडलं आणि २००६ मध्ये आपल्या सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं. आपण माणसं मात्र घेतोच. गिधाडाइतके नाजूक नाही आपण, असं तो म्हणाला, पण माझा अहवाल हातात धरूनच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चूर्णाचा डबा पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेले. वाटलं होतं रागावतील. इतक्या वर्षांत किती मुलांना लपवाछपवीबद्दल उभं केलं असेल मी! त्यांनी शांतपणे डबा उघडून वास घेतला आणि विचारलं, "रोज किती चमचे?" मग सांगितलं की या मुळांत पोटॅशियम बरंच असतं, आणि मूत्रपिंड थकलेलं असलं की ते रक्तात साठून हृदयावर येऊ शकतं. म्हणून तेही बंद. गोळीच्या जागी शेक, मलम आणि व्यायाम आला.

तीन महिन्यांनी १.५ वर उतरलं. तेव्हापासून तिथेच आहे, खाली यायला तयार नाही.

तेव्हा ताई, तुझ्यावर राग नाही हो. तू सुजेसाठी पाठवलं होतंस, गोळी चालू ठेवायला नाही. घेटुळी आमच्या टाकीपाशी आपोआप उगवलीये, या पावसात चांगली पसरली. ह्यांनी उपटू का विचारलं, मी राहू द्या म्हटलं.

जिना आता कठड्याला धरून चढते. दुखतंच.