माशी आणि पक्ष्याचा डोळा

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीमुळे दारूगोळा भंडारा जिल्ह्याला परका नाही. नेम मात्र आम्ही महाभारतातच वाचलेला. अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो. एअर पिस्तुलात ही कथा उलटी वाचावी लागते. स्पर्धेच्या नियमांत दुर्बीण बसत नाही. मागची खाच आणि पुढची माशी, एवढेच. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे २०१८चे आशियाई सुवर्णही अशाच उघड्या साधनांवरचे. दृष्टी एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावते. म्हणून माशी रेखीव हवी, लक्ष्य धूसरच राहू द्यावे. खाच आणि माशी यांत सुमारे ३३ सेंटिमीटर अंतर असेल, तर माशी एक मिलिमीटर ढळताच दहा मीटरवर तीस मिलिमीटरचा फरक पडतो. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे! (द्रोणाचार्यांनी बाणाच्या टोकाविषयी काही विचारलेच नाही.)

मग माशी रुंद घ्यावी की अरुंद? रुंद माशीच्या दोन्ही बाजूंच्या फटी बारीक होतात, ढळलेपणा चटकन कळतो. पण आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना त्या फटी विरघळल्यागत वाटतात. आम्ही माशी तीच ठेवून खाच किंचित रुंद केली. हल्ली सरावाला लक्ष्य लावत नाही. समोर कोरा पांढरा कागद असतो.