तळहाताएवढी खाडी

फोनच्या पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. पोस्टकार्डावर उभ्या उभ्या टिपलेली होडी आणि अख्ख्या कागदावर झगडून उतरवलेली दाभोळची खाडी, दोन्ही तळहाताएवढीच दिसतात. बघणारा अंगठ्याने वर सरकवतो आणि पुढे जातो. अंजनवेलला राहून जलरंगात काम करणाऱ्या माझ्यासारखीला याची झळ जरा जास्त बसते, कारण आमच्याकडे चित्र लावायला दुसरी भिंत नाही. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे. पण तिथली तारीख मिळायला वर्षं जातात. मिळालीच तर चौकटी, टेम्पो आणि आठवडाभर मुंबईत राहणं हा सगळा खर्च हायस्कुलात चित्रकला शिकवणाऱ्या बाईच्या पगारात बसवावा लागतो. म्हणून भाचीने फोनवर इन्स्टाग्रामचं खातं उघडून दिलं, तेव्हा मी ते मुकाट्याने घेतलं. फेसबुक आधीपासून होतंच.

भाचीचा सल्ला होता, ‘मावशी, रोज काहीतरी टाकत राहा.’ रोज टाकण्याएवढी चित्रं माझ्या हातून होत नाहीत. शिवाय किती वेळा टाकायचं याहून वेगळाच प्रश्न मला छळत होता. फोनमध्ये गेल्यावर माझ्या चित्रातलं नेमकं काय नाहीसं होतं? जे नाहीसं होतं ते परत कसं द्यायचं? पुढे मी जे काही शिकले, ते या दोन प्रश्नांच्या मागे जाऊनच.

पहिलं जातं ते माप. मी बहुतेक वेळा पंधरा बाय बावीस इंचांच्या कागदावर काम करते. आता चित्राच्या नुसत्या फोटोबरोबर मी आणखी एक फोटो टाकते. त्यात चित्र आमच्या गोपाळगड किल्ल्याच्या जांभ्याच्या तटाला टेकवलेलं असतं, नाहीतर कागदाच्या कडेला माझा ब्रश धरलेला हात असतो. जांभ्याचा चिरा केवढा असतो हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. चिऱ्याशेजारी चित्र ठेवलं की माप आपोआप कळतं. खाली इंचांत आकडे लिहितेच, पण आकड्याआधी डोळ्याला अंदाज आलेला बरा.

मापाला जोडूनच आकार येतो. सुरुवातीची काही वर्षं इन्स्टाग्रामवर फक्त चौरस फोटो चालत. २०१५ मध्ये आडवे-उभे चालू लागले. आता खात्याच्या पानावर उभे आयत दिसतात. आमची खाडी मात्र आडवी आहे. एका टोकाला गोपाळगडाचा डोंगर, समोर दाभोळ, मध्ये वाशिष्ठीचं पाणी समुद्राला मिळतं. उभ्या चौकटीत ती बसवली की गड तरी जातो नाहीतर दाभोळ तरी. त्यावर तोडगा असा काढला की आधी चित्रातला एखादा उभा तुकडा दाखवायचा, धक्क्यावरची जाळी किंवा डोलकाठ्या, आणि पुढच्या फोटोत अख्खं चित्र. तुकडा निवडताना आपल्याच चित्रात नजर कुठे थांबते हेही लक्षात येतं.

दुसरा जातो तो रंग. एकदा वेलदूरच्या बंदरातली एक होडी रंगवून टाकली. दुसऱ्या दिवशी होडीचा मालक रस्त्यात भेटला. म्हणाला, ‘बाई, माज्या होडीची नाळ हिरवी नाय, निळी हाय.’ चित्रात ती निळीच होती. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याने आपल्या हिशेबाने रंग बदलले होते. तेव्हापासून चित्राचा फोटो मी ओटीवर, सावलीत, सकाळी उशिरा काढते. फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर, आणि कडेला कोऱ्या कागदाची एक पट्टी. ही पट्टी फोटोत पांढरी दिसेपर्यंत रंगाची दुरुस्ती करायची आणि मग ती कापून टाकायची. सगळ्यात जास्त त्रास देतो तो जांभ्याचा लाल. पावसाळ्यात भिजलेला तट फोनमध्ये एक तर विटेसारखा भगवा होतो नाहीतर वांग्यासारखा जांभळा. त्याच्यासाठी पट्टी हाच एक उपाय सापडला आहे.

कागदाचा पोतही असाच हरवतो. खरखरीत कागदावर कोरडा ब्रश फिरवून पाण्यावरची चमक काढलेली असते; समोरून काढलेल्या फोटोत ती दिसतच नाही. खिडकीतून बाजूने येणाऱ्या तिरप्या उजेडात एक जवळचा फोटो घेतला की कागदाचे उंचवटे वर येतात. विकत घेणारा माणूस या फोटोवर सगळ्यात जास्त वेळ थांबतो, हा माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे जागा आणि वेळ. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. ‘कोकणातील संध्याकाळ’ अशी ओळ चित्राखाली लिहिली की ते कुठल्याही कॅलेंडरावरचं चित्र होतं. सिएटलमधले पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ हा उपक्रम सुरू केला. जागेवर बसून काढायचं आणि जागेशी, वेळेशी प्रामाणिक राहायचं, हा त्यांचा दंडक. पुण्या-मुंबईतही ही मंडळी रविवारी वह्या घेऊन बसलेली दिसतात. अंजनवेलसारख्या गावाला ‘अर्बन’ म्हणायला जीभ वळत नाही, पण दंडक मी उचलला. आता चित्राखाली लिहिते: टाळकेश्वराच्या देवळाखालून, दीपगृह पाठीशी, अष्टमीचा भांग, पाणी सुस्त. किंवा: अमावास्येचं उधाण, धोपाव्याच्या फेरीबोटीचा धक्का बुडायच्या बेतात.

तिथी लिहायला लागल्यावर प्रतिसाद देणारी माणसं बदलली. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ आणि टाळ्यांच्या चिन्हांऐवजी ओळींच्या ओळी येऊ लागल्या. कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या एकाने लिहिलं की चित्रातल्या त्या दगडावरून तो लहानपणी गळ टाकायचा. विरारच्या एका काकूंनी विचारलं, देवळाच्या वाटेवरचा फणस अजून आहे का? दाभोळ, अंजनवेल, वेलदूर ही गावं अर्धी मुंबईत आणि आखातात राहतात. घरं कुलूपबंद, माणसं गणपतीला आणि शिमग्याला येणार. माझे बघणारे म्हणजे हे चाकरमानी आहेत, हे मला त्यांच्या लिहिण्यावरून कळलं. जगभरातल्या अनोळखी लोकांना खूश करण्याचा घोर त्यानंतर संपला. सगळी मांडणी या माणसांना समोर ठेवून करू लागले आणि मराठीत लिहू लागले. गंमत म्हणजे परगावचे, परभाषेचे लोकही थांबले. नेमकेपणा त्यांनाही आवडत असावा.

अर्थात सगळी चित्रं सारखी आवडत नाहीत. खाडीचा सूर्यास्त टाकला की बदामांचा पाऊस पडतो. ‘कंपनी’चं चित्र टाकलं तेव्हा तो थांबला. गावात ‘कंपनी’ म्हटलं की एकच: आधी एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प, आता रत्नागिरी गॅस अँड पॉवर. नाव दाभोळचं, पण प्रकल्प उभा आहे खाडीच्या अलीकडे, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या जमिनीवर. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली, २००१ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये नवी कंपनी आली. त्या चिमण्या माझ्या कुठल्याही निसर्गचित्राच्या चौकटीत घुसतात, आणि त्या टाळून खाडी रंगवणं मला जमत नाही. त्या चित्राला बदाम कमी आले, पण प्रतिसाद लांबलचक आले. कोणी प्रकल्पाविरोधातल्या आंदोलनातल्या अटकांबद्दल लिहिलं, कोणी वडिलांना तिथे लागलेल्या नोकरीबद्दल, कोणी गेलेल्या कलमांबद्दल. दोन बाजूंची माणसं माझ्या चित्राखाली तावातावाने बोलत होती आणि मी मधे पडले नाही. बदामांच्या संख्येवरून चित्र निवडायचं ठरवलं असतं तर आज माझ्या खात्यावर नुसते सूर्यास्त उरले असते. बदाम कशाला मिळतात ते बघायला हरकत नाही. पुढचं चित्र कुठलं काढायचं हे त्यांना विचारू नये.

रील कसली करायची, हा प्रश्नही असाच बदामांकडे न बघता सोडवला. चित्र होतानाचं दाखवा, असं सगळेच सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पुण्याचे मिलिंद मुळीक यांची जलरंगाची प्रात्यक्षिकं यूट्यूबवर बघून आमच्यासारखे कितीतरी कलाशिक्षक ओल्यावर ओला रंग सोडायला शिकले. पण मुळीकांसारखं सफाईने रंगवत बोलणं मला जमण्यातलं नाही. मी फोन एका दगडाला टेकवते आणि एकच गोष्ट टिपते: कागदावर आकाशाचा ओला हात फिरला आणि तो वाळला, एवढंच. पावसाळ्यात आमच्याकडे रंग वाळता वाळत नाही. रीलवर त्या दिवसांत जे गाणं गाजत असतं ते न लावता वाऱ्याचा आणि फेरीबोटीच्या इंजिनाचा आवाज तसाच ठेवते. जागा आवाजानेही ओळखू येते.

चित्र छापून, लहान करून लोकांच्या हातात देणं ही काही फोनने आणलेली गोष्ट नाही. राजा रवि वर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याची लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या देवघरात गेली. मूळ तैलचित्रं संस्थानिकांच्या भिंतींवर, छापील प्रती चाळीत. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक सुरू केला. त्यांची मुखपृष्ठं ज्यांनी फ्रेम करून लावली, त्यांतल्या अनेकांनी दलालांचं मूळ चित्र कधी पाहिलं नसेल. पण मुखपृष्ठावरची ‘दलाल’ ही सही सगळ्यांना ओळखू यायची. या मोठ्या माणसांकडून मी एक धडा घेतला: प्रत कितीही लहान होवो, ती कोणाची हे तिच्यावरच दिसलं पाहिजे. म्हणून सही खालच्या कोपऱ्यात, वाचता येईल अशी देवनागरीत. चित्राच्या मधोमध पुसट नाव उमटवण्याची पद्धत मला पटत नाही. बघणाऱ्याला शिक्षा आणि चोराला फारशी अडचण नाही. त्यापेक्षा फोटोच लहान आकाराचा टाकते. पडद्यावर स्वच्छ दिसतो, मोठा छापायला गेलं की फुटतो.

तरीही गोपाळगडाचं माझं एक चित्र, खालचा सहीचा कोपरा कापून, एका रिसॉर्टच्या जाहिरातीत आलं. ओळखीच्याच कोणीतरी ते पाठवून विचारलं, ‘हे तुमचंच ना?’ मी भांडले नाही, पत्र लिहिलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराचा असतो, हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं. चित्र विकलं तरी तो हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही. आपल्या कामावर आपलं नाव असण्याचा अधिकार कलम ५७ मध्ये वेगळा सांगितला आहे. जुन्या पोस्टची तारीख आणि मूळ कागदाचा फोटो जोडला. जाहिरात उतरली आणि वापराचे पैसेही आले. खात्यावर तारीखवार ठेवलेली चित्रं अशी साक्षीला उभी राहतात.

त्याच कायद्यात एक खाच आहे, ती शाळेतल्या मुलांना मुद्दाम सांगते. कोणी पैसे देऊन आपल्याकडून चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्याचा पहिला हक्कदार काढून घेणारा ठरतो. म्हणून ‘आमच्या जुन्या घराचं चित्र काढून द्याल का’ असा निरोप आला की होकाराबरोबर दोन ओळी पाठवते: चित्र तुमचं, छापण्याचा आणि खात्यावर दाखवण्याचा हक्क माझा. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

किंमतही आता उघड लिहिते. ‘किंमत मेसेजवर’ असं लिहिलं की चाकरमानी विचारायलाच संकोचतो; महाग असेल आणि नाही म्हणावं लागेल, ही भीती. माप, कागद, किंमत, पाठवणीचा खर्च वेगळा, असं स्वच्छ लिहिलं की बोलणं सोपं होतं. पक्कं झाल्यावर मूळ रंगातला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवते, म्हणजे तो दाबला जात नाही आणि चित्र घरी आल्यावर घेणाऱ्याला धक्का बसत नाही. चौकटीशिवाय, नळीत गुंडाळून पाठवलेलं चित्र एसटीच्या पार्सलनेही सुखरूप जातं.

कोणाला दाखवायचं हे जसं ठरवावं लागतं, तसं काय दाखवायचं नाही हेही. जाळी विणणारी माणसं, धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बायका रोजच्या ओळखीच्या आहेत. चेहरा ओळखू येत असेल तर आधी चित्र त्यांना दाखवते, मग टाकते. एका आजींनी नको म्हटलं. ते चित्र वहीतच आहे.

चिपळूणपलीकडे सावर्ड्याच्या कलामहाविद्यालयात जाऊ पाहणारी शाळेतली मुलं चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली की फोन घेऊन येतात. ‘बाई, फॉलोअर कसे वाढवायचे?’ मी त्यांना त्यांचंच एखादं चित्र समोर ठेवायला सांगते आणि खाली पाच ओळी लिहायला लावते: केवढं आहे, कशावर आणि कशाने केलं, कुठे बसून, पाण्याची आणि उन्हाची कुठली वेळ, विकायचं आहे की नाही. बहुतेकांची गाडी चौथ्या ओळीवर अडते. ऊन कुठून येत होतं हे सांगता येत नाही, कारण सावल्या अंदाजाने टाकलेल्या असतात. मग वही घेऊन पुन्हा जाऊन बसावं लागतं. फॉलोअर वाढतील की नाही हे माझ्या हातात नाही. पण ज्या चित्राखाली या पाच ओळी लिहिता येत नाहीत, ते अजून टाकण्याजोगं झालेलं नाही, एवढं मी त्यांना ठामपणे सांगू शकते.